दोन खेळ, दोन्हीकडे टॉप : असे खेळाडू आता का दिसत नाहीत?

थर्डमॅन

जेमिमा रॉड्रिग्ज आधी महाराष्ट्राकडून ज्युनियर हॉकी खेळायची हे बऱ्याच जणांना माहितीय. २०२५च्या क्रिकेट वर्ल्डकप सेमीफायनलला डी. वाय. पाटील स्टेडियमवर तिने नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं तेव्हापासून तर हा किस्सा दर दोन दिवसांनी कुठे ना कुठे येतोच. मला प्रश्न वेगळाच पडलाय. तिने हॉकी सोडलीच नसती तर? म्हणजे दोन्ही चालू ठेवायचं ठरवलं असतं तर आजच्या दिवसांत कोणी तिला ठेवू दिलं असतं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला सोपं जाईल. असे खेळाडू कमी झाले ते टॅलेंट आटलं म्हणून नाही. कॅलेंडर आणि कॉन्ट्रॅक्ट, ही दोनच कारणं. बाकी सगळं नंतर.

नियम एकच: दोन्ही खेळांत देशाकडून किंवा त्या त्या खेळाच्या सगळ्यात वरच्या लेव्हलला खेळलेला पाहिजे. कॉलेजात दोन्ही टीममधे होता वगैरे नको, तसा एकेक मामा प्रत्येकाच्या घरात असतो.

सुरुवात माझ्या सगळ्यात आवडत्या केसपासून करतो. एम. जे. गोपालन, मद्रास. रणजी ट्रॉफीच्या इतिहासातला पहिला बॉल यांनी टाकलाय, नोव्हेंबर १९३४, चेपॉक, मद्रास विरुद्ध म्हैसूर. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्त्याला जार्डिनच्या इंग्लंडविरुद्ध टेस्ट खेळून झालेली. आणि १९३५ला हेच गोपालन ध्यानचंदबरोबर भारताच्या हॉकी टीममधून न्यूझीलंडच्या दौऱ्यावर. म्हणजे दोन वर्षांच्या आत दोन्ही खेळांत देशाकडून.

मग आलं १९३६. क्रिकेट टीम इंग्लंडला जाणार, हॉकी टीम बर्लिन ऑलिंपिकला, दोन्ही एकाच उन्हाळ्यात. गोपालननी क्रिकेट निवडलं. तो दौरा म्हणजे कॅप्टन विझींचा (विजयनगरमचे महाराजकुमार), लाला अमरनाथना मधूनच घरी पाठवलं तो. त्या अख्ख्या दौऱ्यात गोपालनना एकही टेस्ट मिळाली नाही. आता तारीख बघा. हॉकीची फायनल १४ ऑगस्टला होती, पावसामुळे १५ला गेली आणि १५ ऑगस्ट १९३६ला भारताने जर्मनीला ८-१ हाणून गोल्ड घेतलं. त्याच दिवशी, १५ ऑगस्टलाच, लंडनला ओव्हलवर तिसरी टेस्ट सुरू झाली आणि गोपालन त्या अकरात नव्हते.

त्या अकरात कोण होतं माहितीय? कोटा रामस्वामी. हेही मद्रासचेच. १९२२ला भारताकडून डेव्हिस कप टेनिस खेळलेले! टेस्ट पदार्पण केलं तेव्हा वय ४०, आधीच्याच महिन्यात ओल्ड ट्रॅफर्डला, आणि पहिल्याच टेस्टमधे ४० आणि ६०. मर्चंट-मुश्ताक अलीची २०३ची सलामी झाली तीच टेस्ट, त्यामुळे यांच्याकडे कोणी बघितलंच नाही.

एकाच शहरातले, दोन-दोन खेळ खेळणारे दोघं जण एकाच दौऱ्यावर. आज एका तरी देशाची अशी टीम दाखवा.

---

जर्सीतला_मी

मस्त धागा. १५ ऑगस्टची जुळणी मला माहीतच नव्हती.

इकडे अमेरिकेत हा विषय निघाला की दोन नावं ठरलेली. बो जॅक्सन आणि डिऑन सँडर्स. बो हा बेसबॉल आणि फुटबॉल (यांचं फुटबॉल, हाताने खेळतात ते) दोन्हीत ऑल-स्टार झालेला माणूस. १९९१च्या जानेवारीत फुटबॉलच्या मॅचमधे खुब्याला मार बसला, फुटबॉल तिथेच संपलं. बेसबॉलला मात्र कृत्रिम खुबा बसवून परत आला, काय बोलणार.

डिऑन हा सुपर बोल (फुटबॉलची फायनल) आणि वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची) दोन्ही खेळलेला आजपर्यंतचा एकमेव. त्याचा ऑक्टोबर १९९२चा किस्सा थर्डमॅनच्या कॅलेंडरच्या मुद्द्याला फिट बसतो. दुपारी मायामीत अटलांटा फाल्कन्सकडून फुटबॉलची मॅच खेळला, तिथून विमान पकडून पिट्सबर्ग, कारण रात्री अटलांटा ब्रेव्ह्जची बेसबॉलची प्लेऑफ मॅच. पोचला, युनिफॉर्म घातला, आणि रात्रभर बेंचवर. कोचने एक बॉलसुद्धा खेळवला नाही. लोक म्हणतात कौतुक केलं पाहिजे, मला तर त्या बेसबॉलच्या मॅनेजरचंही पटतं. दुपारी दुसरीकडे हाडं मोडून घेऊन आलेला माणूस प्लेऑफमधे कशाला उतरवायचा?

आणि हो, जॉर्डन या यादीत नको प्लीज. १९९४ला बर्मिंगहॅम बॅरन्सकडून खेळला ती मायनर लीग, म्हणजे खालची लेव्हल, आणि बॅटिंग ॲव्हरेज जेमतेम .२०२. बास्केटबॉलचा देव होता म्हणून जागा मिळाली.

---

सांगलीकर_जोरात

सांगलीचं नाव अजून कोणी काढलं नाही याचा निषेध.

नंदू नाटेकर. जन्म सांगलीचा. १९५६ला मलायात सेलांगर इंटरनॅशनल जिंकली, परदेशात बॅडमिंटनचं टायटल घेणारा पहिला भारतीय. आता हे सगळ्यांना पाठ असतं. पण नाटेकर आधी टेनिस खेळायचे आणि ज्युनियर नॅशनलच्या फायनलपर्यंत गेलेले. फायनलला समोर कोण? पुढे टेनिसमधे मोठं नाव झालेले रामनाथन कृष्णन. हरले, आणि मग बॅडमिंटनकडे वळले. समोर दुसरा कोणी असता तर आपल्याला बॅडमिंटनमधे नाटेकर मिळालेच नसते, हा माझा दावा. पुढे मुलगा गौरव टेनिसमधे नॅशनल चॅम्पियन झाला, वडिलांचा अर्धा राहिलेला हिशोब चुकता.

---

थर्डमॅन

नाटेकर ग्रेटच, पण नियमात बसत नाहीत. टेनिस ज्युनियर होतं.

---

सांगलीकर_जोरात

बरं. मग मुरलीकांत पेटकर घ्या. सांगली जिल्हा, पेठ गाव, इस्लामपूरजवळ. आता काढा नियम.

---

ठाणेकाका

ठाण्यातल्या लोकांसाठी एक. दादोजी कोंडदेव स्टेडियमला बॅडमिंटनचा हॉल आहे, त्याला नाव खंडू रांगणेकरांचं. आताच्या किती मुलांना माहितीय की हे रांगणेकर टेस्ट क्रिकेटर होते? १९४७-४८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ब्रॅडमनच्या टीमसमोर तीन टेस्ट खेळले. क्रिकेटरचं नाव बॅडमिंटनच्या हॉलला, कारण बॅडमिंटनही तसंच जोरदार खेळायचे. आमच्या लहानपणी जुनी माणसं त्यांच्या कव्हरमधल्या फिल्डिंगबद्दल अशी बोलायची की बॅटिंगचं विसरूनच जायची.

आता थोडं मोठं नाव. डेनिस कॉम्प्टन. इंग्लंडकडून ७८ टेस्ट, १९४७च्या एका सीझनमधे ३८१६ रन आणि १८ सेंच्युरी, आणि हाच माणूस थंडीत आर्सेनलचा लेफ्ट विंगर. १९४८ला लीग, १९५०ला एफए कप, दोन्हीची मेडलं घरात. भाऊ लेस्ली, तोही आर्सेनल (फुटबॉल) आणि मिडलसेक्स (क्रिकेट) दोन्हीकडे. डेनिस इंग्लंडकडून फुटबॉलही खेळला पण ती युद्धाच्या काळातली इंटरनॅशनल, ऑफिशियल धरत नाहीत, तेव्हा थर्डमॅन काय नियम लावायचा तो लावा.

मुंबईशी संबंध असा की युद्धात कॉम्प्टनची पोस्टिंग महूला, इंदूरशेजारी. मग होळकरकडून रणजी खेळला. १९४४-४५ची फायनल, ब्रेबॉर्न, समोर मुंबई. चौथ्या डावात कॉम्प्टन नाबाद २४९! आणि तरी होळकर ३७४ रननी हरले. नाबाद अडीचशे करून पावणेचारशेनी हरायचं, विचार करा मुंबईने किती ढिगारा रचला असेल. आमचे वडील त्या मॅचला गेले होते असं सांगायचे, पण ते कुठल्याही जुन्या मॅचला गेलेले असायचे.

कॅलेंडरचा मुद्दा मान्य. तेव्हा इंग्लंडमधे क्रिकेट उन्हाळ्याचं आणि फुटबॉल थंडीचं, मधे थोडेच आठवडे एकमेकांवर चढायचे. आता फुटबॉल ऑगस्ट ते मे आणि क्रिकेट तर बाराही महिने. पण शरीराचाही मुद्दा आहे बरं. कॉम्प्टनचा गुडघा फुटबॉलमधे गेला तो गेलाच, शेवटी वाटी काढावी लागली, त्यानंतरही टेस्टमधे ९४ मारले ते सोडा. दोन खेळ म्हणजे दुप्पट मार.

---

सायलेंट_रीडर

एबी डिव्हिलियर्स कसा काय विसरलात सगळे?? ज्युनियर हॉकी नॅशनल स्क्वॉड, फुटबॉल, ज्युनियर रग्बीचा कॅप्टन, स्विमिंगमधे सहा रेकॉर्ड, अंडर-१९ बॅडमिंटन चॅम्पियन, टेनिस, शिवाय नेल्सन मंडेलांकडून सायन्स प्रोजेक्टला मेडल. एकच माणूस! बाकी सगळे पाणी कम चाय.

---

जर्सीतला_मी

😂😂 आलं, व्हॉट्सॲप आलं.

---

थर्डमॅन

सायलेंट_रीडर, तो मेसेज गेली दहा वर्षं फिरतोय आणि एबीने स्वतःच्या आत्मचरित्रात एकेक कलम घेऊन खोडलाय. हॉकी शाळेत एक वर्ष खेळला म्हणे, नॅशनल स्क्वॉडच्या आसपासही नव्हता, स्विमिंगची रेकॉर्डं नाहीत. टेनिस लहानपणी खरंच चांगलं होतं, तेवढं खरं.

याच्यात मला एक गंमत वाटते. खरी माणसं असताना आपण खोटी यादी का फिरवतो? त्याच दक्षिण आफ्रिकेच्या जाँटी ऱ्होड्सचं नाव १९९२ ऑलिंपिकच्या हॉकी टीमसाठी होतं, टीमच क्वालिफाय झाली नाही म्हणून राहिलं. आणि शेजारच्या नामिबियाचा रूडी व्हॅन व्हूरेन बघा. २००३ साली क्रिकेटचा वर्ल्डकप आणि रग्बीचा वर्ल्डकप, एकाच वर्षी दोन्ही खेळला. पेशाने डॉक्टर. पीटरमारित्झबर्गला सचिनने १५२ मारले त्या मॅचमधला बॉलर, सचिनची विकेट पण यानेच काढली (१५२ मारून झाल्यावर, पण काढली). याचा एकही फॉरवर्ड मला आजपर्यंत आलेला नाही.

---

सायलेंट_रीडर

ठीक. पण मंडेला वालं तरी खरं असेल ना?

---

थर्डमॅन

नाही.

---

मेलबर्नकर

एलिस पेरीचं नाव अजून नाही म्हणजे कमाल आहे. आरसीबीवाले कुठे गेले?

जुलै २००७ला ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट टीममधे आली, वय १६. दोन आठवड्यांत फुटबॉलच्या टीममधे, समोर हाँगकाँग, आणि दुसऱ्याच मिनिटाला गोल. २००९ला क्रिकेटचा वर्ल्डकप खेळली, २०११ला फुटबॉलचा, जर्मनीत. क्वार्टर फायनलला स्वीडनविरुद्ध तिचा गोल यूट्यूबवर आहे, जरूर बघा. कॉर्नर छोटा घेतला, डी-च्या बाहेर डाव्या बाजूला हिला बॉल मिळाला, एक टप्पा आत घेतला आणि डाव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात वर. गोलकीपर नुसती बघत राहिली. मॅच हरले ३-१, पण गोल काय होता!

पुढे क्लबवाल्यांना ती पूर्णवेळ फुटबॉलला हवी होती. म्हणजे क्रिकेटच्या मॅचसाठी फुटबॉलची ट्रेनिंग बुडवलेली चालणार नाही. ती दुसऱ्या क्लबकडे गेली, थोडी वर्षं ओढलं आणि मग फुटबॉल हळूहळू सुटलं. तिच्यासारखीच्या बाबतीतही शेवटी एकच उरलं. २०२४ला बंगळुरूला तिने सिक्स मारून बाउंड्रीपलीकडे ठेवलेल्या गाडीची काच फोडली ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलं, पण वर्ल्डकपमधे गोल मारणारी बाई हीच हे आरसीबीच्या निम्म्या फॅन्सना माहीत नसणार.

आणि ॲश बार्टी! टेनिसला कंटाळून ब्रेक घेतला, मधल्या वेळात ब्रिस्बेन हीटकडून बिग बॅश खेळली, पहिल्याच मॅचला २७ बॉलमधे ३९. परत टेनिसमधे गेली आणि फ्रेंच ओपन, विम्बल्डन, ऑस्ट्रेलियन ओपन. २५व्या वर्षी नंबर वन असताना रिटायर. तिचा स्लाइस बॅकहँड बघा, माझं ठाम मत आहे की त्याच्यात लेट कट आहे.

न्यूझीलंडची सुझी बेट्स पण राहिली, २००८ बीजिंगला बास्केटबॉल, आणि क्रिकेटमधे तर कॅप्टन. बायकांमधे अशी उदाहरणं जास्त आणि अलीकडची सापडतात याचं कारण मला वाटतं पैसा. त्यांच्या खेळात पैसा उशिरा आला, त्यामुळे कोणी विकत घेऊन बांधून ठेवलं नव्हतं. जसा पैसा आला तशी निवड करायला लावली.

---

थर्डमॅन

+१. माझ्या कॉन्ट्रॅक्टच्या मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा मी शोधला नसता. पुरुषांच्या क्रिकेटमधे जे शंभर वर्षांत झालं ते बायकांच्या क्रिकेटमधे दहा वर्षांत झालं.

---

कॉर्नर_पॉकेट

पंकज अडवाणी. बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हीत वर्ल्ड चॅम्पियन, तेही परत परत. जन्म पुण्याचा. विषय संपला.

---

ठाणेकाका

दोन्ही एकाच टेबलावर होतं हो.

---

कॉर्नर_पॉकेट

काका, टेबल एक म्हणजे खेळ एक? मग हॉकी आणि फुटबॉल एकाच गवतावर होतात. बिलियर्ड्सला तीनच बॉल, सगळा खेळ कंट्रोलचा, तास न् तास एकच ब्रेक चालू ठेवायचा, क्यू बॉल इंचभर हलवायचा. स्नूकरला लांबचं पॉटिंग आणि अख्ख्या टेबलाची पोझिशन, शिवाय सेफ्टी. बिलियर्ड्सचे मोठमोठे चॅम्पियन स्नूकरमधे सामान्य दिसतात आणि उलटंही. एक फॉर्मॅट सोडून दुसऱ्यात गेलं की स्ट्रोकच बदलतो, आणि अडवाणी काही दिवसांच्या अंतराने दोन्हीची वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळलाय. क्लबात जाऊन दोन्ही एकेक तास खेळून बघा आणि मग बोला.

---

ठाणेकाका

क्लबात गेलेलो आहे. बिल बघून परत आलो.

---

थर्डमॅन

मी अर्धा पॉइंट देतो. याच न्यायाने एस्टर लेडेच्काला पूर्ण दिला पाहिजे कारण स्कीइंग आणि स्नोबोर्ड बर्फ सोडला तर सगळंच वेगळं, एकात दोन पाय दोन पट्ट्यांवर तोंड पुढे, दुसऱ्यात एकाच फळीवर आडवं उभं राहायचं. २०१८ प्योंगचांग. बाई मूळची स्नोबोर्डर, स्कीइंगच्या सुपर-जी या शर्यतीत २६व्या नंबरला उतरली, म्हणजे सगळे फेव्हरिट खाली येऊन झालेले, टीव्हीवाल्यांनी ऑस्ट्रियाच्या ॲना फाइटला विजेती म्हणून जाहीरही करून टाकलेलं. आणि ही आली ०.०१ सेकंदाने पुढे. खाली उभी राहून बोर्डाकडे बघतेय, हलतच नाहीये, तिला वाटलं घड्याळ बिघडलं. स्की पण अमेरिकेच्या स्टार स्कीअर मिकेला शिफरिनने वापरलेल्या, उसन्या. प्रेस कॉन्फरन्सला गॉगल काढेना कारण मेकअप केला नव्हता, जिंकेन असं वाटलंच नव्हतं म्हणे. आठवड्याने स्नोबोर्डचं गोल्ड घेतलं ते मात्र अपेक्षेप्रमाणे.

तिच्याही आधी पूर्व जर्मनीची क्रिस्टा रोटेनबुर्गर. १९८८ला फेब्रुवारीत कॅलगरीला स्पीड स्केटिंगचं गोल्ड आणि सप्टेंबरात सोलला सायकलिंगचं सिल्व्हर. हिवाळी आणि उन्हाळी ऑलिंपिकचं मेडल एकाच वर्षी घेणारी ती एकटीच, आणि एकटीच राहणार, कारण १९९४पासून ही दोन ऑलिंपिकं एकाच वर्षी होतच नाहीत. परत कॅलेंडर!

---

हॉकीवाली_आई

मी पहिल्यांदाच लिहितेय इथे, चुकलं तर सांभाळून घ्या. विषय जवळचा आहे म्हणून राहवलं नाही.

माझी मुलगी आठवीत आहे, शाळेकडून हॉकी खेळते आणि ८०० मीटर पळते. दोन्हीकडे जिल्ह्यापर्यंत गेलीय. आता दोन्ही सरांचं म्हणणं एकच, "एक काय ते ठरवा." हॉकीच्या सरांना ती संध्याकाळी टर्फवर पाहिजे, ॲथलेटिक्सच्या सरांना सकाळी साडेपाचला ट्रॅकवर आणि संध्याकाळी परत. मागच्या वर्षी शालेय स्पर्धांच्या वेळी जिल्ह्याची हॉकी आणि ॲथलेटिक्स एकाच आठवड्यात आली, एका दिवशी तर सकाळी हीट पळून रिक्षाने हॉकीच्या ग्राउंडवर नेली, रिक्षातच स्पाइक्स काढून शिनगार्ड बांधले, मधे एक केळं खाल्लं तेवढंच. सर बोलले मला, की ताई पोरीला थकवून आणताय. बरोबर होतं त्यांचं पण मी काय करणार होते? तारखा मी थोड्याच काढल्या!

नातेवाईक म्हणतात ज्यात दहावीला ग्रेस मार्क मिळतील ते धरा. कोणी म्हणतं पुढे नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे तेव्हा वैयक्तिक खेळ बरा, टीममधे सिलेक्शनचं राजकारण असतं. तिला विचारलं तर ती म्हणते दोन्ही. तुम्ही सगळे इतक्या मोठ्या खेळाडूंबद्दल लिहिताय, त्यांनी कितव्या वर्षी एक निवडलं हे कोणी सांगू शकेल का?

---

हाडवैद्य

ताई, मी फिजिओ आहे, शाळकरी खेळाडूच जास्त येतात माझ्याकडे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की साधारण १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळात अडकवू नका. कारण साधं आहे. एकच हालचाल बाराही महिने केली की त्याच हाडावर, त्याच टेंडनवर ताण येत राहतो आणि वाढीच्या वयात हाडांची टोकं कच्ची असतात. दहा-बारा वर्षांच्या बॉलर पोरांची कंबर आणि बॅडमिंटनच्या पोरींचे खांदे बघून मला आता एक्स-रेआधीच अंदाज येतो.

फक्त एक लक्षात घ्या. दोन खेळ खेळणं वेगळं आणि दोन खेळांची पूर्ण ट्रेनिंग एकाच महिन्यात करणं वेगळं. तुमच्या मुलीचं दुसरं चाललंय. हॉकीत धावणं असतंच, तेव्हा हॉकीच्या सीझनला ट्रॅकवर आठवड्यातून दोनदाच जा, आणि हॉकी संपली की उलटं करा. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. दोन्ही सरांना एकत्र बसवा, शक्य असेल तर चहा पाजून. नडगी दुखते म्हणाली तर मात्र "सरावाने जाईल" म्हणून सोडू नका, दाखवून घ्या.

---

मेलबर्नकर

हाडवैद्यांना अनुमोदन. इकडे पोरं उन्हाळ्यात क्रिकेट आणि थंडीत फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) असं सर्रास करतात, क्लबही सीझनवारीच चालतात. कोणी "एक ठरवा" म्हणत नाही कारण ग्राउंडच दुसऱ्या खेळाला दिलेलं असतं! पेरी-बार्टी अशाच व्यवस्थेतून आल्या. आपल्याकडे कोचिंग क्लास आणि ॲकॅडमी वर्षभराची फी घेतात, मग वर्षभर शिकवतात.

---

सांगलीकर_जोरात

ताई, पोरीला अजिबात थांबवू नका.

आता पेटकरांचं लिहितो, मगाशी घाईत होतो. पोरगा लहानपणी कुस्त्या खेळायचा, मग आर्मीत ईएमईला (इंजिनियर्सच्या तुकडीत) गेला आणि बॉक्सर झाला. १९६५च्या युद्धात सियालकोट भागात गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्यात अडकली, कमरेखालचं गेलं. उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरवलं. पुढे १९६८ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला गेले ते टेबल टेनिस खेळायला. आणि १९७२ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड, ३७.३३ सेकंद, वर्ल्ड रेकॉर्ड. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं गोल्ड, आणि ऑलिंपिक धरलं तरी कुठल्याही भारतीयाचं पहिलं वैयक्तिक गोल्ड. अभिनव बिंद्राच्या ३६ वर्षं आधी. त्याच हायडेलबर्गला भालाफेकीत आणि स्लॅलममधेही (व्हीलचेअरची अडथळ्यांची शर्यत) उतरले होते. कुस्ती, बॉक्सिंग, टेबल टेनिस, स्विमिंग, भालाफेक.

पद्मश्री कधी? २०१८. अर्जुन पुरस्कार कधी? जानेवारी २०२५ला. वय ऐंशी. मधली सगळी वर्षं पुण्यात टेल्कोत नोकरी करून काढली. सिनेमा आला तेव्हा लोकांना कळलं की असा माणूस आपल्यात आहे. मी सांगलीचा म्हणून ओरडतोय असं वाटत असेल तर वाटू दे.

---

थर्डमॅन

पेटकर नियमात बसतात. टेबल टेनिस आणि स्विमिंग, दोन्ही पॅरालिम्पिक. निषेध मागे घ्या आता.

हॉकीवाली_आई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चुनी गोस्वामी बघा. १९६२च्या जाकार्ता एशियाडला फुटबॉलचं गोल्ड, हे कॅप्टन, फायनलला दक्षिण कोरियाला २-१. मोहन बागान सोडून दुसऱ्या क्लबकडे गेलेच नाहीत. क्रिकेटही कधी सोडलं नाही. फुटबॉल थांबवल्यावर तर १९७१-७२ला बंगालचे कॅप्टन म्हणून रणजीच्या फायनलला, ब्रेबॉर्नवर, आपल्या मुंबईसमोर. हरले, पण तो मुंबईचा तेव्हाचा स्वभावच होता. त्याच्या आधी १९६६ला इंदूरला सोबर्सच्या वेस्ट इंडिजला मध्य आणि पूर्व विभागांच्या एकत्र टीमने डावाने हरवलं त्यात यांच्या आठ विकेट. टेस्ट खेळले नाहीत म्हणून माझ्या कडक नियमात बसत नाहीत, पण "कितव्या वर्षी निवडलं" याचं उत्तर "निवडलंच नाही" असंही असू शकतं.

---

जर्सीतला_मी

निवडलं नाही तर शिक्षाही होते कधीकधी. जिम थॉर्प. १९१२ स्टॉकहोम, पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्हीचं गोल्ड. पुढच्याच वर्षी दोन्ही काढून घेतली, का, तर आधी बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतले होते म्हणून हा हौशी खेळाडू नाही. श्रीमंतांच्या पोरांना हौस परवडते, हा नेटिव्ह अमेरिकन पोरगा, उन्हाळ्यात चार पैसे मिळाले तर घेणारच ना. त्यानंतर प्रोफेशनल फुटबॉल खेळला, मेजर लीग बेसबॉलही. पूर्ण न्याय मिळाला २०२२ला, ऑलिंपिक कमिटीने त्याला एकट्याला विजेता जाहीर केलं तेव्हा. तो १९५३लाच गेलेला.

बेब डिड्रिकसनचं पण लिहायचं होतं, १९३२ला ऑलिंपिकला हर्डल्स आणि भालाफेकीत गोल्ड, हाय जंपला सिल्व्हर आणि मग गोल्फमधे दहा मेजर. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर १९५४ला यूएस ओपन जिंकली. तिच्यावर वेगळा धागा काढतो, दोन ओळींत उरकण्यातली बाई नाही.

---

हॉकीवाली_आई

सगळ्यांचे खूप आभार. हाडवैद्य, नडगीचं तुम्ही लिहिलंत आणि मी आज विचारलं तर म्हणाली "थोडी दुखते". दाखवून घेते. चहाचं पण बघते, दोन्ही सर एकमेकांशी बोलत नाहीत हा एक छोटा प्रॉब्लेम आहे.

---

ठाणेकाका

मग दोन वेळा चहा करावा लागेल.

थर्डमॅन, तुमच्या नियमात शंभर टक्के बसणारी एक मॅच देतो. १९०८, लंडन ऑलिंपिक, बॉक्सिंग, मिडलवेटची फायनल. एका कोपऱ्यात जॉनी डग्लस, जो पुढे इंग्लंडच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन झाला. दुसऱ्या कोपऱ्यात ऑस्ट्रेलियाचा स्नोई बेकर, जो त्याच ऑलिंपिकला स्विमिंग आणि डायव्हिंगमधेही उतरला होता. डग्लस जिंकला, थोडक्यात. दोघांच्यात मिळून चार खेळ झाले.

---

थर्डमॅन

काका, ही कुठे लपवून ठेवली होती इतका वेळ? बेकर त्याच आठवड्यात पोहून आला होता का तेवढं सांगा, नाहीतर कॅलेंडरवर मी परत सुरू होईन.